नॅनी मॅकफी : एका दाईचा अंमल

जगात जितक्या म्हणून सत्ता आहेत त्यांतील बहुतेक सत्ता आपली मुदत वाढावी, आपला अंमल निरंतर चालावा आणि आपल्यावाचून प्रजेचे पान हलू नये याच हेतूने हुकूम काढीत आणि दप्तरे वाढवीत असतात. परंतु वडीलधाऱ्यांची मुलांवर जी सत्ता चालते तिचा धर्म याच्या अगदी उलट आहे, कारण ज्या दिवशी ती अनावश्यक ठरेल त्याच दिवशी ती सफल झाली असे म्हणावयाचे. हे तत्त्व शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळदा आले आहे. ते कथेच्या कण्यातच बसवून, सात वर्षांच्या मुलाला हसता हसता उमजावे आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बापाला मात्र काही काळ अस्वस्थ करावे अशा रीतीने सांगणे, हे काम फार थोड्यांना साधले आहे. २००५ साली इंग्लंडात तयार झालेला ‘नॅनी मॅकफी’ हा चित्रपट अशा थोड्या कृतींपैकी एक आहे, असे माझे मत आहे, आणि त्या मताची कैफियत वाचकांपुढे सविस्तर मांडावी हाच या प्रस्तावनेचा उद्देश आहे.

कथा वरवर पाहता साधी आहे. सात मुले, त्यांची आई वारलेली, वडील दुःखात बुडालेले. एकामागून एक सतरा दाया नेमल्या आणि सतराही पळाल्या, कारण मुलांनी त्यांना पळवून लावण्याचा विडाच उचललेला. मग एका वादळी रात्री दारावर थाप पडते आणि काळ्या वेषातली, हातात वाकडी काठी घेतलेली, चेहऱ्यावर दोन चामखिळी आणि ओठांबाहेर आलेला एक दात मिरवणारी स्त्री उंबऱ्यावर उभी राहते. ती मुलांना पाच धडे शिकवणार असते: सांगितले की झोपणे, सांगितले की उठणे, सांगितले की कपडे करणे, ऐकून घेणे आणि सांगितले तसे तंतोतंत करणे. आरंभीच ती आपल्या नेमणुकीची अट सांगून टाकते. मुलांना ती हवीशी वाटत नाही पण तिची गरज आहे तोवर ती राहील. ती हवीशी वाटू लागेल आणि गरज मात्र उरणार नाही, तेव्हा तिला गेलेच पाहिजे. करारनाम्याच्या या एका कलमात सगळा चित्रपट सामावलेला आहे.

या अटीचे गांभीर्य कळावयाचे असेल तर इंग्लंडातील दाई ही संस्था काय होती ते थोडे पाहिले पाहिजे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि त्यानंतरही दोन पिढ्या, तेथील संपन्न घरांतली मुले आईबापांच्या सहवासात फारच थोडा वेळ असत. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचे स्वतंत्र दालन असे, तेथे दाईचे राज्य चाले, आणि सायंकाळी न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, मुलांना घटकाभर दिवाणखान्यात आईबापांपुढे उभे करण्यात येई. स्नान, भोजन, प्रार्थना, शिक्षा आणि अंगाई हा सगळा कारभार एका पगारी स्त्रीच्या हाती. पुढे हा व्यवसाय शिक्षणाच्या शिस्तीत आणण्याची तजवीज झाली. एमिली वॉर्ड या बाईंनी १८९२ साली लंडनमध्ये नॉरलंड संस्था स्थापून, फ्रोबेलच्या बालशिक्षणाच्या विचारांना अनुसरून दायांना रीतसर शिकवण्यास आरंभ केला, आणि ती संस्था आजही चालू आहे.

या पगारी नात्यातून कित्येकदा रक्ताच्या नात्याहून घट्ट माया निर्माण झाली. ‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लहानपणी सतत आजारी असे; त्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्या ॲलिसन कनिंगहॅम या दाईला त्याने १८८५ साली प्रसिद्ध झालेला आपला बालगीतांचा संग्रह अर्पण केला. विन्स्टन चर्चिल याच्या पोरवयातील सर्व जिव्हाळा एलिझाबेथ एव्हरेस्ट या दाईभोवती गुंफलेला होता. घरात मुले मोठी झाली तेव्हा तिला कामावरून कमी करण्यात आले, आणि १८९५ साली ती वारली तेव्हा तरुण चर्चिल तिच्या अंत्ययात्रेस गेला व तिच्या थडग्यावर त्याने दगड बसवला. मूल मोठे झाले की दाईने निघून जावे हा त्या समाजाचा शिरस्ताच होता. जिने अपत्याला पहिले पाऊल टाकावयास शिकवले तिची मुदत त्या अपत्याच्या वाढीबरोबर संपत जाई, आणि ती संपल्यावर तिच्यासाठी कसली तरतूद आहे याची चौकशी क्वचितच कोणी करी.

येथे आपल्याकडील आयांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईहून आणि कलकत्त्याहून निघणाऱ्या बोटींवर गोऱ्या कुटुंबांची मुले सांभाळीत कित्येक हिंदी आया विलायतेस गेल्या. काहींना तेथे पोहोचताच परतीच्या भाड्याची व्यवस्था न करता निरोप देण्यात आला. अशा निराधार झालेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये एक आसरा होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो हॅकने भागातील किंग एडवर्ड्स रोडवर हलवण्यात आला. तेथील एका घरावर २०२२ साली स्मरणफलक लावण्यात आला. ‘नॅनी मॅकफी’त या आयांचा उल्लेख नाही, आणि तो असावयास हवा होता असाही माझा आग्रह नाही, तथापि दाई मुलांना घडवते आणि मग निघून जाते हे जे कथानक चित्रपटाने अद्भुताच्या वस्त्रात गुंडाळून मांडले, त्याच्या मागे अशा खऱ्याखुऱ्या सहस्रावधी निरोपांचा इतिहास उभा आहे, हे हिंदी प्रेक्षकाने तरी विसरू नये.

या कथेचे मूळ आहे एका घरगुती गोष्टीत. मेरी क्रिस्टियाना ब्रँड ही लेखिका १९०७ साली मलायात जन्मली, आणि तिचे बालपणीचे काही दिवस हिंदुस्थानात गेले. पुढे विलायतेत तिने पोटासाठी नाना उद्योग केले. ती दुकानात विक्रेती होती, नर्तकी होती, घरी शिकवणारी गव्हर्नेसही होती. त्यानंतर तिने गुप्तहेरकथा लिहावयास घेतल्या आणि त्या क्षेत्रात मोठे नाव मिळवले. युद्धकाळातल्या एका इस्पितळात घडणाऱ्या खुनांची ‘ग्रीन फॉर डेंजर’ ही तिची कादंबरी १९४४ साली आली आणि दोन वर्षांनी तिच्यावर चित्रपटही निघाला. प्रख्यात चित्रकार एडवर्ड आर्डिझोन हा तिचा नातलग. दोघांच्या घराण्यात पणजोबांपासून एक गोष्ट चालत आलेली होती: व्रात्य मुलांच्या घरी येणाऱ्या कुरूप दाईची. ब्रँडने ती १९६४ साली ‘नर्स माटिल्डा’ या नावाने लिहून काढली, आर्डिझोनने तिला चित्रे दिली, आणि १९६७ व १९७४ साली आणखी दोन पुस्तके आली.

ही लेखिका मुळात गुन्हेगारीच्या कथा लिहिणारी होती, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. गुप्तहेरकथेचा पाया असा की कोणतेही कृत्य हवेत विरून जात नाही; जे केले त्याचा माग राहतो, तो माग कर्त्यापर्यंत येऊन पोहोचतो आणि शेवटी प्रत्येकाला आपल्या कृतीचा जबाब द्यावा लागतो. नर्स माटिल्डाची जादूही नेमकी याच न्यायाने चालते. ती मुलांवर बाहेरून शिक्षा लादीत नाही. मुलांनी जे आरंभले आहे तेच ती शेवटापर्यंत जाऊ देते, आणि मध्येच थांबण्याची सवलत तेवढी काढून घेते.

आता एमा थॉम्पसन या विदुषीकडे वळतो, कारण चित्रपटाची पटकथा तिने लिहिली आणि दाईची भूमिकाही तिनेच केली. ‘हॉवर्ड्स एंड’मधील अभिनयासाठी आणि पुढे जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारी ही अभिनेत्री; अभिनय आणि लेखन या दोन्ही विभागांत तो मान मिळालेली व्यक्ती तिच्याखेरीज दुसरी नाही. मुलांच्या करमणुकीकडे गांभीर्याने पाहण्याचे वळण तिला घरातूनच लाभलेले होते. तिचे वडील एरिक थॉम्पसन यांनी बी.बी.सी.वर ‘द मॅजिक राउंडअबाउट’ ही मालिका वर्षानुवर्षे सांगितली. मूळ फ्रेंच बाहुलीपट समोर ठेवून, त्यातील संवादांचे भाषांतर न करता, नुसत्या चित्रांवरून त्यांनी इंग्रजीत अगदी नवी कथने रचली, आणि बालकांशी बोलताना भाषा पातळ करण्याचे कारण नाही हे त्या सहजसुंदर निवेदनाने सिद्ध केले. कन्येच्या पटकथेतही तोच विश्वास दिसतो: मुलांना मृत्यू कळतो, दारिद्र्याची धास्ती कळते, बापाचे एकाकीपणही कळते, त्यांच्यापासून ते लपवून ठेवल्यानेच ती बिथरतात.

पुस्तकापासून पटकथेपर्यंत येताना थॉम्पसनने जे फेरफार केले त्यांत तिची खरी प्रतिभा आहे. पुस्तकातील ब्राउन दांपत्याला मुले इतकी की त्यांची मोजदाद नाही, आईबाप दोघेही हयात आहेत, आणि मुलांचा व्रात्यपणा हा केवळ स्वभावधर्म आहे. त्याला कारण नाही आणि कारण शोधण्याची लेखिकेला आवश्यकताही भासलेली नाही. चित्रपटात मुले सात झाली, प्रत्येकाला चेहरा आणि स्वभाव मिळाला, आणि मुख्य म्हणजे त्यांची आई नाहीशी झाली. घरात तिची खुर्ची तेवढी रिकामी आहे, आणि बाप सेड्रिक ब्राउन त्या खुर्चीशी बोलतो. त्याचा व्यवसायही पटकथाकर्तीने विचारपूर्वक योजला: तो मृतांच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा, प्रेतांना न्हाऊ घालून, त्यांचे चेहरे रंगवून, त्यांना अखेरच्या दर्शनासाठी सिद्ध करणारा मनुष्य आहे. दिवसभर मेलेल्यांची काळजी घेणारा हा गृहस्थ घरी येतो तेव्हाही त्याचे चित्त एका मृत स्त्रीपाशीच असते, आणि जिवंत मुलांचे आवाज त्याला लाकडी दारापलीकडून आल्यासारखे ऐकू येतात. पूर्वी तो मुलांना गोष्टी वाचून दाखवीत असे. आता दाखवीत नाही. मुलांनी सतरा दाया पळवून लावल्या त्याचे कारण मग दुष्टपणात शोधावे लागत नाही. प्रत्येक दाई पळाली की काही काळ तरी बापाला त्यांच्याकडे पाहणे भाग पडते.

कॉलिन फर्थ याने हा बाप फार संयमाने उभा केला आहे. विनोदी प्रसंगांत तो धडपडतो, अडखळतो, पण त्याच्या डोळ्यांतील हरवलेपण क्षणभरही पुसले जात नाही. थोरला मुलगा सायमन याच्या भूमिकेत टॉमस सँगस्टर आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा तोल त्याच्याच खांद्यावर आहे. कारण भावंडांच्या या बंडखोर फौजेचा तो सेनापती आहे, आणि सेनापतीला आपल्या पराभवाचा अर्थ सर्वांआधी कळावा लागतो. नाना प्रयोग करणाऱ्या एरिकची भूमिका राफाएल कोलमन या मुलाने केली. पुढे तो पर्यावरणाच्या चळवळीत उतरला आणि २०२० साली, अवघ्या पंचविशीत, वारला. चित्रपट पुन्हा पाहताना त्या चष्मेवाल्या पोराच्या उत्साहाने मन भरून येते.

पहिल्या धड्याचा प्रसंग स्वयंपाकघरात घडतो आणि तो मी चित्रपटाचे हृदय मानतो. मुलांनी स्वयंपाकिणीला बांधून घातले आहे, भांडी उडत आहेत, पीठ उधळले जात आहे, धाकटे तान्हे बाळ त्या गोंधळात मध्यभागी आहे. दाई आत येते, झोपावयास जा म्हणून सांगते, आणि मुले अर्थातच ऐकत नाहीत. मग ती काठीचे टोक जमिनीवर एकदाच आपटते. मोठी गर्जना होत नाही, कोणी दगड बनत नाही, कोणाला कोपऱ्यात उभे केले जात नाही. मुले जे करीत होती तेच करीत राहतात, फक्त अधिक वेगाने, अधिक आवेगाने, आणि आता त्यांना थांबता येत नाही. ज्या स्वैरतेला ती स्वातंत्र्य समजत होती तीच आता त्यांच्या हातापायांना धरून नाचवू लागते. बाळ उकळत्या भांड्याच्या दिशेने जाऊ लागते तेव्हा सायमनच्या चेहऱ्यावरचा गर्व उतरतो. त्याला विनवणीचा एक शब्द उच्चारावयाचा आहे, आणि तो शब्द उच्चारणे म्हणजे शरण जाणे. बाळासाठी तो शरण जातो. याच क्षणी आपल्याला कळते की या पोराच्या ठायी भावंडांविषयीची जबाबदारी पहिल्यापासून जागी होती. दाईने ती पेरली नाही, तिला बोलावयास लावले एवढेच.

दुसऱ्या दिवशी मुले गोवर आल्याचे सोंग करतात आणि उठत नाहीत. दाई त्यांच्या सोंगावर पूर्ण विश्वास ठेवते, आणि तिच्या विश्वासाबरोबर सोंग खरे होते: अंग जड होते, अंथरुणातून हलता येत नाही, काळेकुट्ट औषध घशाखाली उतरवावे लागते. खोटे बोलू नये हा उपदेश जगातल्या प्रत्येक मुलाने शंभरदा ऐकलेला आहे. परंतु आपले असत्य जगाने जसेच्या तसे स्वीकारले तर काय होईल, याचा साक्षात अनुभव कोणी दिलेला नसतो. बालशिक्षणाविषयी रूसोने ‘एमिल’मध्ये मांडलेला विचार असा, की मुलाला होणारा त्रास हा त्याच्या कृतीचाच स्वाभाविक परिणाम म्हणून त्याच्यापर्यंत आला पाहिजे, मोठ्यांच्या लहरीने दिलेली शिक्षा म्हणून नव्हे. व्यवहारात हे तत्त्व पाळणे अत्यंत दुर्घट आहे, कारण निसर्गाचे परिणाम कधी फार उशिरा येतात, कधी फार भयंकर असतात, आणि कोणता बाप आपल्या मुलाला विस्तवाचा धडा विस्तवाकडून घेऊ देईल? दाईच्या काठीत जादू आहे ती एवढ्याचसाठी: ती परिणामाला लवकर बोलावते आणि वेळेवर आवरते. शिक्षकाला जे सामर्थ्य हवे असते आणि कधीच मिळत नाही, ते कथेने तिला बहाल केले आहे.

पुढचे धडे मी झपाट्याने सांगतो, कारण त्यांची गंमत पाहण्यात आहे. श्रीमंत आणि करारी अशी आजेआत्या ॲडिलेड या घराला ठरावीक नेमणूक देते, आणि तिचे फर्मान निघाले आहे की सेड्रिकने महिनाअखेर दुसरे लग्न करावे, नाहीतर पैसा बंद. ती स्वतः एका मुलीला घेऊन जाण्यासाठी येते, तेव्हा मुले आपले उत्तम कपडे जनावरांच्या अंगावर चढवतात. शेवटी लेकीच्या जागी इव्हँजेलिन ही भांडी घासणारी तरुण मोलकरीण आत्याबरोबर जाते. आत्याची भूमिका अँजेला लॅन्सबरी हिची आहे. या थोर नटीने पूर्वी ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’ या १९७१च्या चित्रपटात स्वतः मुलांना सांभाळणाऱ्या जादूगारणीचे काम केले होते. त्याच नटीला येथे जादूच्या विरुद्ध बाजूला, हिशेबी सत्तेच्या आसनावर बसलेली पाहताना जाणत्या प्रेक्षकाला निराळाच आनंद होतो.

ऐकून घेण्याचा धडा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. बाप लग्नाच्या खटपटीत आहे हे मुलांना दिसते, पण ते लग्न न झाल्यास घर मोडेल आणि भावंडे एकमेकांपासून तुटतील हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सावत्र आया दुष्ट असतात हे त्यांना गोष्टींनी शिकवलेले आहे, म्हणून ती नियोजित वधूला छळून हाकलतात, आणि आपल्याच हाताने आपले छत्र उडवतात. दोष कोणाचा? मुलांनी ऐकले नाही हे खरे, आणि बापाने सांगितले नाही हेही तितकेच खरे. पाचही धडे नावाला मुलांचे आहेत. हा धडा बापाला शिकावा लागतो, आणि तो शिकल्यावाचून मुलांचाही पुरा होत नाही. घराघरांतून वडीलमंडळी पैशाच्या अडचणी, आजार आणि मृत्यू मुलांपासून लपवतात आणि मग मुले समजूतदारपणे वागत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावतात. ज्यांना हकीकत कळवलेली नाही त्यांच्याकडून विवेकाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे, आणि चित्रपटाने तो अन्याय स्पष्ट दाखवला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता दाईच्या मुखाविषयी. एकेक धडा पुरा होताच तिची एकेक विद्रूपता नाहीशी होत जाते: आधी एक चामखीळ, मग दुसरी, मग आणखी काही, आणि अखेरीस काठी टेकून उभी असलेली स्त्री शांत, प्रसन्न, जवळजवळ तेजस्वी दिसू लागते. या योजनेचा एक अर्थ फार सुंदर आहे. आपल्यावर अंमल गाजवणाऱ्याचे रूप आपल्या मनाच्या स्थितीनुसार बदलते. मारकुटा वाटणारा मास्तर पुढे मायाळू आठवतो, कडक वाटणारी आजी पुढे देवासमान होते, आणि ती माणसे तेव्हाही तशीच होती. बदलली ती आपली दृष्टी. मुलांच्या डोळ्यांतील भय आणि द्वेष जसा गळत गेला तसा दाईचा चेहरा निवळत गेला.

परंतु याच ठिकाणी माझा आक्षेपही आहे आणि तो नोंदवल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुरूपता ही वाईट गोष्टींची खूण आणि सौंदर्य हे चांगुलपणाचे बक्षीस, हा लोककथांचा जुना दंडक येथेही मोडला गेलेला नाही. मुलांनी तिला चामखिळींसकट प्रेमाने जवळ केले असते, आणि चामखिळी तशाच राहिल्या असत्या, तर कथा अधिक धीट झाली असती. तीच गोष्ट मिसेस क्विकली या नियोजित वधूची. सीलिया इम्री हिने ती भूमिका रंगवली आहे झोकात, तरी त्या बाईला भडक कपडे आणि पैशाचा लोभ यांपलीकडे काहीही दिलेले नाही. लग्नाच्या प्रसंगी मधमाश्यांचा कांगावा आणि खाद्यपदार्थांची फेकाफेक आहे तीही गरजेपेक्षा लांबली आहे. दिग्दर्शक कर्क जोन्स याने यापूर्वी ‘वेकिंग नेड’ हा आयर्लंडातील खेडेगावावरचा हळुवार विनोदाचा चित्रपट केला होता. तेथला संयम येथे शेवटच्या भागात थोडा सुटला. घराच्या भिंतींना दिलेले जांभळे-हिरवे गडद रंग प्रथम डोळ्यांना टोचतात, तथापि ते खऱ्या जगाचे रंग नसून मुलांच्या चित्रवहीचे आहेत हे ध्यानी आले की ती टोचणी कमी होते. पॅट्रिक डॉइल याचे संगीत मात्र आरंभापासून अखेरपर्यंत कथेच्या पावलाशी पाऊल मिळवून चालते.

या चित्रपटाची तुलना ‘मेरी पॉपिन्स’शी होणे स्वाभाविक आहे, आणि ती टाळण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पी. एल. ट्रॅव्हर्स हिचे ते पुस्तक १९३४ साली आले. डिस्नेने १९६४ साली त्याचा चित्रपट केला आणि त्याला पाच ऑस्कर मिळाले, त्यांत जूली अँड्र्यूज हिचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक होते. ब्रँडचे नर्स माटिल्डाचे पहिले पुस्तकही त्याच वर्षीचे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुस्तकातली मेरी पॉपिन्स करडी, आत्मतुष्ट, आरशात स्वतःला न्याहाळणारी अशी आहे. पडद्यावर येताना ती गोड झाली, गाऊ लागली, आणि ट्रॅव्हर्सला ते कधीच रुचले नाही. डिस्ने आणि ट्रॅव्हर्स यांच्या त्या संघर्षावर २०१३ साली ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ हा चित्रपट निघाला, आणि त्यात ट्रॅव्हर्सचे काम एमा थॉम्पसननेच केले. एका जादूच्या दाईला जन्म देणारी पटकथाकर्ती दुसऱ्या जादूच्या दाईच्या निर्मातीचे अंतःकरण उलगडून दाखवते, हा योग कलेच्या इतिहासात विरळा म्हटला पाहिजे.

दोघींची जादू मात्र भिन्न आहे. मेरी पॉपिन्स मुलांना घराबाहेर, चित्रांच्या आत, छपरांवर, ढगांकडे घेऊन जाते. तिची देणगी म्हणजे विस्मय, आणि त्यासाठी मुलांनी तिला जन्मभर विसरू नये. नॅनी मॅकफी कोणालाही कोठेच नेत नाही. तिची सर्व करामत त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात आणि त्याच शयनगृहात घडते, आणि तिला हवे असते ते इतकेच की या सात मुलांनी आणि त्यांच्या बापाने एकमेकांकडे पाहावे. शेवटच्या धड्याची कसोटी लागते तेव्हा तिची काठी फार थोडे करते. संकटातून वाट मुलेच काढतात, आपल्या जुन्या खोडकरपणाच्या सर्व कौशल्यासह. ही गोष्ट मला मोलाची वाटते. मुलांची रग, कल्पकता, एकजूट यांतील काहीच नष्ट झालेले नाही. तीच शक्ती, जी पूर्वी दाया पळवण्यात खर्च होत होती, ती आता घर वाचवण्यास लागली आहे. आज्ञाधारक मूल म्हणजे मुके मूल, असा जो समज आपल्या शाळांत आणि घरांत अद्याप पक्का आहे, त्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

सेड्रिक आणि इव्हँजेलिन यांचे लग्न ऑगस्ट महिन्यात, भर उन्हाळ्यात, बर्फाच्या वर्षावात होते. मालकाने घरच्या मोलकरणीशी विवाह करावा ही त्या काळच्या वर्गव्यवस्थेत अकल्पनीय गोष्ट, आणि पटकथेने तिला निसर्गातील अकल्पनीय गोष्टीची जोड दिली. दाई त्याच वेळी निघून जाते. तिला निरोपाचा समारंभ नाही, भेटवस्तू नाहीत, अश्रूंचे प्रदर्शन नाही. एलिझाबेथ एव्हरेस्टला जे निघून जाणे सोसावे लागले आणि हॅकनेच्या आसऱ्यात दिवस काढणाऱ्या आयांना जे सोसावे लागले, ते येथे एका स्त्रीने स्वतःच्या इच्छेने, आपल्या कार्याची परिपूर्ती म्हणून स्वीकारले आहे. इतिहासाने केलेल्या अन्यायाची ही भरपाई नव्हे, होऊही शकत नाही. परंतु त्या कामाची थोरवी ओळखून, जाणाऱ्या दाईला कथेने दिलेली ही प्रतिष्ठा आहे.

या चित्रपटाचा उत्तरभाग २०१० साली आला; दिग्दर्शन सुझॅना व्हाइट हिचे, पटकथा पुन्हा थॉम्पसनची. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, स्थळ खेड्यातील शेतीवाडी. बाप लढाईवर गेलेला, आई शेत आणि दुकान सांभाळून थकलेली, आणि शहरातून आलेली नात्यातली श्रीमंत भावंडे घरच्या पोरांशी भांडत असलेली. तेथे डॉचर्टी नावाची एक विसराळू वृद्धा आहे, तिचे काम मॅगी स्मिथ हिने केले आहे. ही वृद्धा म्हणजे पहिल्या चित्रपटात उकळत्या भांड्याच्या तोंडून वाचलेले तान्हे बाळ, ॲगी. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की दोन्ही चित्रपट मुलांसह आणि क्रमाने पाहावेत, आणि पाहताना मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये.